हेड कोच व्हायचंय, तर आधी रोस्टरचा तक्ता मांड

प्रिय मित्रा,

अमेरिकेत मास्टर्स करता करता कॉलेजच्या पुरुष सॉकर संघाच्या कोचिंगमध्ये शिरायचं आणि पुढेमागे हेड कोच व्हायचं, असं तू कळवलंस. भारतीय फुटबॉल महासंघाचं (एआयएफएफ) कोचिंगचं डी लायसन्स हातात आहे, ड्रिल्सच्या वह्या भरल्या आहेत, हे वाचून आनंद झाला. पण या नोकरीत गवतावर जातात ते दिवसाचे दोनेक तास. उरलेला दिवस भरती, पैसा, वेळापत्रक आणि नियम यांत जातो, आणि कोचची खुर्ची राहते की जाते हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. म्हणून आधी तेवढंच लिहितो.

पैशापासून सुरुवात कर. कॉलेजचे खेळ चालवणारी संघटना म्हणजे एनसीएए, आणि ती कॉलेजांची विभागणी तीन डिव्हिजनमध्ये करते. २०२५ पर्यंत डिव्हिजन १ च्या पुरुष संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्या देता येत. त्यांचे तुकडे करून वाटायची मुभा होती. २८ मुलांत सारख्या वाटल्या तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम ३५ टक्के! आता खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएवर झालेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीत जी विद्यापीठं सामील झाली, त्यांच्यावर शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, पण रोस्टर, म्हणजे संघातल्या मुलांची यादी, २८ चीच. जी सामील झाली नाहीत, त्यांना जुना आकडा लागू. मर्यादा उठली म्हणून तिजोरी भरली असं समजू नकोस, किती देता येईल ते विद्यापीठाचं बजेटच ठरवतं. डिव्हिजन २ मध्ये आकडा ९. डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठं) खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. तिथे कोचला प्रवेश विभागाशी आणि आर्थिक मदतीच्या कचेरीशी घरोबा ठेवावा लागतो, मुलाच्या गुणपत्रिका वेळेत पुढे सरकवाव्या लागतात. मुलगा कितीही चांगला खेळो, प्रवेश मिळाला नाही तर तुमची वर्षभराची मेहनत पाण्यात.

आता एक मोठा कागद घे. उभे चार रकाने, पदवीच्या वर्षांचे. आडव्या ओळी जागांच्या: गोलकीपर, सेंटर बॅक, फुल बॅक, मिडफिल्ड, विंगर, स्ट्रायकर. प्रत्येक चौकोनात मुलाचं नाव, त्याखाली शिष्यवृत्तीची टक्केवारी. कोचच्या चुका या कागदावर उघड्या पडतात. एका वर्षी दहा चांगली मुलं सापडली म्हणून दहाही घेतली, तर चौथ्या वर्षाअखेर दहा एकदम जातात आणि संघाला भगदाड पडतं. गोलकीपरची ओळ तर वेगळीच सांभाळावी लागते. तीन ठेवायचे, खेळणार एक. दोघे एकाच वर्षाचे घेतले तर एक जण हमखास दुसरं कॉलेज शोधतो. दोघांत दोन वर्षांचं अंतर ठेव. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, २०१८ ला सुरू झालं आणि २०२४ पासून मुलांना कितीही वेळा, वर्षभर बाहेर न बसता संघ बदलता येतो, फक्त अभ्यासात पास असावं लागतं. त्यामुळे सिझन संपल्यावर, डिसेंबरात, हा तक्ता पुन्हा मांडावा लागतो. दोन-तीन जागा आणि थोडे पैसे त्यासाठी मुद्दाम राखून ठेव.

भरतीसाठी मुलं बघायला जाशील तेव्हा वॉर्मअपच्या आधी पोच. पालक उभे असतात त्याच्या समोरच्या बाजूला उभा राहा, म्हणजे कान शांत राहतात. चेंडू पायाशी असताना सगळेच बरे दिसतात. चेंडू येण्याआधी मुलगा मान वळवून मागे बघतो का, चेंडू गमावल्यावर पुढचे पाच सेकंद काय करतो, बदली होऊन बाहेर आल्यावर बाकावर कसा बसतो, हे टिपून घे. व्हिडिओ मागवलास तर निवडक क्षणांचा नको, पूर्ण सामन्याचा माग. डिव्हिजन १ च्या कोचला मुलाशी थेट बोलता येतं ते हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या १५ जूनपासून. तारखेची चूक किरकोळ वाटते, पण नियमभंग म्हणून तिची नोंद होते.

सिझन ऑगस्टअखेर सुरू होतो आणि साखळी सामने नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतात. आठवड्याला बहुतेकदा दोन सामने. एनसीएए आठवड्याला २० तासच देते, दिवसाला जास्तीत जास्त ४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही लांबला तरी ३ तास धरतात. दोन सामन्यांचे ६ गेले, उरले १४. त्यात सक्तीचं वेट ट्रेनिंग आणि व्हिडिओही मोजायचा. म्हणून शुक्रवारी आणि मंगळवारी सामने असतील, तर शनिवारी जे पूर्ण खेळले त्यांना हलकी हालचाल, जे अर्ध्या तासापेक्षा कमी खेळले त्यांना चार विरुद्ध चारचे छोटे, जोरकस डाव. रविवारी सुट्टी. सोमवारी तासभर, त्यात कॉर्नर आणि फ्री किक. नवे कोच इथे हमखास घसरतात: हरल्यावर सोमवारी दोन तास मुलांना पळवतात आणि मंगळवारी साठाव्या मिनिटाला हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरून मुलं खाली बसतात. खेळ शिकवायचा तो वसंतातल्या सत्रात. सिझनमध्ये मुलं ताजी ठेवणं हेच कोचिंग.

बदलीचा नियम फिफापेक्षा वेगळा आहे, तो पाठ कर. पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेला मुलगा त्या हाफमध्ये परत येत नाही. दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत येऊ शकतो. त्यामुळे सोळा-सतरा मुलं फिरवत नव्वद मिनिटं जोरदार प्रेस करता येतो, म्हणजे समोरच्याच्या पायाशी चेंडू असताना त्याच्यावर धावून दबाव टाकता येतो. युरोपातले सामने बघून बांधलेले बेत इथे जसेच्या तसे चालत नाहीत. बाकावर एका असिस्टंटच्या हाती कागद दे: कोण कितव्या मिनिटाला बाहेर गेला, कोणाची परत यायची संधी संपली. डोक्यात ठेवू म्हणणारा कोच गोंधळातल्या ऐंशीव्या मिनिटाला चुकतो.

वाटेविषयी. सगळ्यात खात्रीचं दार ग्रॅज्युएट असिस्टंटचं: संघाचं काम, बदल्यात फीमध्ये सूट आणि थोडा भत्ता. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर, सत्र चालू असताना, कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठाच्या कॅम्पवर पगारी काम मिळेल, ओळखीही तिथेच होतात, पण सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कॅम्पसबाहेर काम करायची, परवानगी हातात आल्याशिवाय एक दिवसही जाऊ नकोस. व्हिसा गेला तर सगळंच गेलं. लायसन्समध्ये यूएस सॉकरचं डी, मग सी, बी असं चढत जा. जानेवारीतल्या युनायटेड सॉकर कोचेसच्या अधिवेशनात नोकऱ्यांची बोलणी होतात, तिथे जा. सुरुवातीला वाट्याला येईल ते काम घे. ब्रूस अरीना १९७८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात सॉकरचे हेड कोच झाले, तेव्हा लॅक्रॉस या दुसऱ्या खेळाचं असिस्टंटपणही सांभाळत. पुढे त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. इंडियाना विद्यापीठात कोच जेरी येगली दहा वर्षं नुसता क्लब चालवत होते. १९७३ मध्ये त्याला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मिळाला, आणि २००३ मध्ये सहावं विजेतेपद जिंकून ते निवृत्त झाले. छोट्या डिव्हिजन ३ कॉलेजातली जागा कमी लेखू नकोस. तिथे बसचं बुकिंगही कोचच करतो, आणि पूर्ण कारभार एकट्याच्या हाताखालून जातो.

आता एक काम. तुला आवडेल तो कोणताही संघ निवड. त्याचा रोस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उघडा असतो, मुलांची वर्षं आणि जागाही. शिष्यवृत्तीचे आकडे तिथे मिळणार नाहीत, ते रिकामे सोड. वर सांगितला तसा तक्ता भर, पुढच्या दोन वर्षांत कुठे भगदाड पडणार ते लाल पेनानं दाखव आणि त्या जागी कसा मुलगा हवा हे दोन ओळींत लिही. पंधरा दिवसांत पाठव. आपण त्यावर बोलू.

तुझा हितचिंतक