बारीक लोहखनिजाच्या स्लरीतलं पाणी काढायला थिकनरमध्ये सर्फॅक्टंट टाकावा का? कोणता, किती?

थिकनरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, सर्फॅक्टंट (पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं, साबणासारखं रसायन) अजिबात टाकू नका. गोव्यातल्या एका प्लांटवर याच मुद्द्यावर माझा साहेबांशी कडाक्याचा वाद झाला होता.

त्यांचं म्हणणं, फ्लॉक्युलंट (कणांच्या गुठळ्या करणारं रसायन) जिथे पडतो तिथेच हेही टाकू. सर्फॅक्टंटचे ड्रम आले, फीडवेलमध्ये, म्हणजे स्लरी टाकीत शिरते तिथे, ओतले. दुपारपर्यंत थिकनरवर तांबूस फेस चढला, ओव्हरफ्लोबरोबर वाहू लागला. तेच पाणी प्लांटला परत फिरतं, त्यामुळे स्क्रीनवर, संपमध्ये (पाणी गोळा होतं त्या खड्ड्यात), जिकडे तिकडे फेस. आणि फिल्टरवर पाणी ओढून उरणारा थर, म्हणजे केक? होता तसाच. मुठीत दाबला की बोटांच्या फटींतून लगदा बाहेर यायचा. साहेब म्हणाले, डोस वाढवा!

डोस वाढवून काय होणार? बारीक कण आणि केओलिनची माती, एवढा पृष्ठभाग रसायन वाटेतच गिळून टाकतो. फ्लॉक्युलंटचं काम कण लवकर बसवायचं, आणि त्याच्या गुठळ्या उलट पाणी पोटात धरून ठेवतात. सर्फॅक्टंटची गरज पुढे, केकमध्ये असते. तिथे कणांमधल्या फटींत केशाकर्षणाने पाणी अडून बसतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनवरून तिशीपर्यंत उतरवला, की तेवढाच व्हॅक्यूम जास्त पाणी ओढतो. म्हणून रात्रपाळीत फिटरला घेऊन ड्रम फिल्टरवर (स्लरीत अर्धवट बुडून फिरणाऱ्या, व्हॅक्यूमने पाणी ओढणाऱ्या पिंपावर) भोकं पाडलेला पाइप बसवला आणि केक स्लरीतून वर आल्याआल्या त्यावर पातळ द्रावण फवारलं. पट्ट्यावर लगद्याऐवजी ढेकळं पडायला लागली. सकाळी साहेबांनी पाइप उतरवला. लॉगबुकात नोंदसुद्धा होऊ दिली नाही.

मॉइश्चर, म्हणजे खनिजात उरलेलं पाणी, हा नुसता रिपोर्टमधला आकडा नव्हे. ओला भुगा जहाजाच्या हेलकाव्यांनी पातळ होऊन एका बाजूला सरकतो. जुलै २००९ मध्ये मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ हे जहाज बुडालं, तेव्हा त्याच्या पोटात लोहखनिजाचा ओला भुगाच होता.

कोणता म्हणाल, तर सल्फोसक्सिनेट जातीचा घेऊन बघा. डोस आपल्याच स्लरीवर लीफ टेस्ट (फिल्टरच्या कापडाच्या छोट्या तुकड्यावर व्हॅक्यूम लावून केलेली चाचणी) करून ठरवा, विक्रेत्याच्या तक्त्यावरून नको. साहेब लोक ‘लॅबमधलं प्लांटवर चालत नाही’ म्हणतील; म्हणू द्या, टेस्ट कराच.

हो, केकला तडे जात असतील तर हवा तिथूनच पळते. आधी ते थांबवा, तोवर रसायनावर पैसे घालू नका. फिल्टरचं पाणी परत फिरत असेल तर फवाऱ्यातूनही थोडा फेस येणारच, त्यावर लक्ष ठेवा. आणि खनिजात गोएथाइट (आतच पाणी धरून असलेलं लोहखनिज) भरपूर असेल तर कणाच्या आतलं पाणी कुठल्याच सर्फॅक्टंटने निघत नाही.