शटडाउन केला तरी लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही, आणि तुमचे इतर प्रश्न

प्रश्न: रोज रात्री न चुकता लॅपटॉप शटडाउन करते, तरी सकाळपासून रखडतो. भावाने एकदा रीस्टार्ट केला आणि पळायला लागला. दोन्ही एकच ना?

विंडोजमध्ये एकच नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे. शटडाउन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (लॅपटॉपचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. लॅपटॉप चटकन सुरू होतो खरा, पण काल कुठे काही अडकलं असेल तर तेही सोबत येतं. रीस्टार्ट केला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की 'अप टाइम' दिसतो. रोज शटडाउन करूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा, म्हणजे तो खरोखर बंद होईल. त्याच खिडकीत स्टार्टअपची यादी आहे. लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारं जे लागत नाही ते तिथे डिसेबल करून टाका. एवढं केल्याशिवाय कुणी 'फॉरमॅट मारा' म्हणालं तर ऐकू नका.

प्रश्न: चार्जर दिवसभर लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

ओव्हरचार्ज होत नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. पण लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि त्यात गरम राहिली तर लवकर म्हातारी होते. लॅपटॉप टेबलावरच राहत असेल तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये किंवा कंपनीने दिलेल्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे का ते पाहा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती असते. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नका, कारण खालची हवेची भोकं बुजतात आणि उष्णता आतच कोंडते.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, क्लिक घट्ट झालं किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, आणि दाबून किंवा टोचून बघू नका. ती पेट घेऊ शकते. बदलून मिळेपर्यंत तो लॅपटॉप वापरायचा नाही.

प्रश्न: काल कीबोर्डवर पेलाभर पाणी सांडलं. पुसून तासाभराने सुरू केला, व्यवस्थित चालतोय. आता काळजी नाही ना?

काळजी आहे, आणि हे वाचत असाल तेव्हाच तो बंद करा. चालणारा लॅपटॉप पाहून माणूस निश्चिंत होतो आणि तिथेच नुकसान होतं. पाणी कीबोर्डखालून मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर उतरतं, बारीक चिपांच्या खाली अडकून राहतं आणि वीज चालू असताना तिथले तांब्याचे धागे कुरतडतं. आज चालणारं यंत्र आठ-पंधरा दिवसांनी अचानक मरतं ते यामुळे. पेय गोड असेल तर आणखी वाईट, कारण पाणी उडून गेलं तरी चिकट थर मागे राहतो.

सांडल्या क्षणी आधी चार्जर ओढायचा, मग पॉवरचं बटण लॅपटॉप बंद होईपर्यंत दाबून धरायचं. फाइल सेव्ह करायची राहिली असेल तर राहू द्या. माऊस, पेनड्राइव्ह काढा, झाकण उघडं ठेवून लॅपटॉप टेबलाच्या कडेवर तंबूसारखा उलटा उभा करा, म्हणजे पाणी आलं त्याच वाटेने परत जाईल. हेअर ड्रायर नको, त्याची हवा पाणी आणखी आत ढकलते. तांदळात पुरल्याने आतलं पाणी शोषलं जात नाही, उलट पीठ आणि कण आत जातात. आणि 'चालतोय का' हे बघायला मध्येच सुरू करू नका, हा मोह सगळ्यात महागात पडतो.

तुमच्या बाबतीत, तो तसाच बंद ठेवून दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि 'उघडून बोर्ड साफ करा' असं स्पष्ट सांगा. फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत नसेल तर तेही आधीच सांगा. एसएसडी, म्हणजे फाइल साठवणारी डिस्क, सुटी निघत असेल तर ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडून डेटा उतरवता येतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे बोर्ड वाळून, साफ होऊन सुरू झाला की पहिलं काम बॅकअपचं. लॅपटॉप दुसरा घेता येतो. मुलाचे पहिल्या वर्षाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि तो ११ घेत नाही. भंगारात काढू?

नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप चालत राहतो, पण सुरक्षेचे अपडेट आपोआप येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलं तर आणखी काही काळ ते मिळतात. मेल, ब्राउझिंग आणि लेखन एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) टाकून बघा. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतो, काही पुसावं लागत नाही. मात्र अपडेट नसलेल्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करू नका.

प्रश्न: अपडेटनंतर निळ्या पडद्यावर 'रिकव्हरी की' मागतोय. मी कधी ठेवलीच नव्हती.

ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, ४८ अंकी किल्ली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्याच खात्यात जमा होते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा, डिव्हायसेसमध्ये बघा. पडद्यावर दिसणाऱ्या ओळख क्रमांकाशी जुळणारी किल्ली टाका. नोकरीच्या ठिकाणचा लॅपटॉप असेल तर ती आयटी विभागाकडे मिळेल. किल्ली कुठेच नसेल तर डेटा कुणीही उघडून देऊ शकत नाही, तसा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नका. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांनी आजच ती किल्ली वहीत उतरवून ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नको.