रिप्ली पुरुषी आहे का?

प्रश्न : ‘एलियन’ या अंतराळयानावर घडणाऱ्या हॉलिवूडपटातली नायिका रिप्ली माझी अत्यंत लाडकी. मैत्रीण म्हणते, ‘ती बाईच्या वेशातला पुरुष आहे.’ तिला काय सांगू?

उत्तर : तिला यानाच्या दाराजवळचा प्रसंग पुन्हा दाखवा. बाहेर सहकारी बेशुद्ध, तोंडाला तो भयंकर प्राणी चिकटलेला आणि कप्तान बजावतोय, दार उघड. रिप्ली विलगीकरणाचा नियम सांगते आणि उघडत नाही. दंड थोपटणं नाही, डायलॉगबाजी नाही. दार उघडतो दुसराच. प्राणी यानात शिरतो आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच! यात पुरुषी काय हो?

मैत्रिणीच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे म्हणा. कुठलंही पात्र स्त्री किंवा पुरुष, कुणीही करावं, असं मूळ पटकथेतच लिहिलेलं होतं. म्हणून तर १९७९ साली रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हरला कुणाची बायको वा प्रेयसी न होता नुसतं कामावरचं माणूस होता आलं. १९८६च्या दुसऱ्या भागासाठी तिला ऑस्कर नामांकन मिळालं. मला मात्र पहिलीच जवळची. यान फुटायला आलंय आणि ही मांजर शोधतेय! आधी मी चिडायचे. आता तेवढ्यासाठीच पुन्हा बघते.