वाचक विचारतात : काचेला चिकटलेला वर्गफोटो

प्रश्न : खानापुरात आमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा आहे. 1986 चा वर्गाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. मोबाईलवर काढला की चकाकी येते. काच सोडवू का?

उत्तर : अजिबात सोडवू नका! फोटोवरचा जिलेटिनचा थर पावसाळी ओलीने मऊ होऊन काचेला धरतो. ओढलात तर चेहरेच काचेवर राहतील. खानापूरच्या पावसात हे व्हायचंच. काचेसकटच कॉपी करा.

काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा, पाणी नको. फ्रेम खिडकीजवळ टेबलावर आडवी ठेवा, उजेड एकाच बाजूने तिरका येऊ द्या. फ्लॅश आणि वरचा दिवा बंद. काळ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडून ती मोबाईलला लावा. काचेत तुमचं आणि छताचं प्रतिबिंब दिसणार नाही. मोबाईल फ्रेमला अगदी समांतर, दोन फुटांवर, 2 पट झूम. फार जवळ गेलात तर कडा वाकतात. 3 सेकंदांचा टायमर लावला की हात हलत नाही.

मित्रांना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा, नाहीतर मागच्या रांगेतले चेहरे पुसट होतील. आणि नावं? ती मेळाव्यातच विचारून लिहून घ्या.