कार्डाचं कर्ज आणि घरातला कापूस

‘ताई, मी राळेगाव तालुक्यातला, वय २९, जिनिंगमध्ये कामाला. आईच्या ऑपरेशनला नागपुरात क्रेडिट कार्ड वापरलं, मग बहिणीच्या लग्नात. आता १ लाख २० हजार देणं आहे. दर महिन्याला ‘मिनिमम’ म्हणून ६ हजार भरतो, तरी कर्ज हलत नाही. एक सेटलमेंट कंपनी म्हणते, बँकेचं भरणं बंद करा, फोन उचलू नका, आम्हाला महिन्याला अडीच हजार द्या, वर्षभरात निम्म्यात मिटवतो. बाबाले यातलं काहीच माहीत नाही. घरात वीस क्विंटल कापूस भावासाठी ठेवला आहे. काय करू?’

बाळा, कर्ज का हलत नाही ते आधी बघ. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर ४,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७५६. म्हणजे तुझ्या सहा हजारांतले जेमतेम हजार मुद्दलात जातात. तेवढ्याचा पुन्हा किराणा कार्डावर घेतलास की संपलं! ते कार्ड आधी पेटीत टाक.

आता ती कंपनी. तुझा एकही हप्ता चुकलेला नाही, आणि बँकेसमोर तेवढीच एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे. नेमकी तीच ते आधी घालवायला सांगतात. भरणं थांबलं की दंड, व्याज, वसुलीवाल्यांचे फोन सुरू. त्या कंपनीचं ऐकायला बँक बांधील नाही. सेटलमेंट झालीच तरी सिबिलमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ (पूर्ण फेडलं नाही) असं लागतं, आणि पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाला गेलास की साहेब आधी तेच वाचतो.

बँकेशी तूच बोल. उरलेली रक्कम हप्त्यांत बदलून मागायची, त्याचं व्याज बरंच कमी असतं. जे ठरेल ते लेखी घे आणि पैसे कार्डाच्या खात्यातच भर, कोणा एजंटच्या हातात नाही. हप्ता चुकलाच, तर वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, दमदाटी तर नाहीच. बँकेने तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १४४४८ वर मराठीत माहिती मिळते, तक्रारीला पैसा लागत नाही. नुसत्या थकलेल्या कार्डासाठी जेलही होत नाही, कोणी घाबरवलं तर हे लक्षात ठेव.

पण मला खरी अडचण तुझ्या घरातल्या कापसाची वाटते. तो विकून कार्ड फेडत नाही तोवर महिन्याला जवळपास पाच हजार व्याजात जातात. वीस क्विंटलवर भाग, तर क्विंटलमागे २५० रुपये. म्हणजे कापसाचा भाव दर महिन्याला अडीचशेने चढला, तरच थांबणं परवडतं. बाबा रोज भाव विचारतात ना? त्यांच्या हिशोबात हे अडीचशे नाहीत, कारण तू सांगितलेलेच नाहीत. चिडतील, दोन दिवस बोलणारही नाहीत. पण पुढची गाडी मार्केटला कधी न्यायची, हे त्यांना तुझ्या कार्डाचं बिल समोर ठेवून ठरवू दे.