रिपोर्ट चांगले, तरी कणीक का मळवत नाही?

प्रश्न : मला नऊ वर्षांपासून रूमॅटॉइड संधिवात आहे. वय ४८. कसबा पेठेत वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहते, स्वारगेटजवळच्या एका सरकारी कार्यालयात काम करते. ईएसआर, सीआरपी आता ठीक येतात. डॉक्टर म्हणतात, आजार आटोक्यात आहे. पण सकाळी कणीक मळवत नाही, संध्याकाळी जिना चढवत नाही. पाच मिनिटांच्या तपासणीत हे सांगायचं कसं?

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगताहेत आणि तुम्हीही. ईएसआर आणि सीआरपी या तपासण्यांतून अंगातल्या सुजेचा अंदाज येतो. सूज उतरली तरी सांध्यांची आधी झालेली झीज भरून येत नाही, स्नायूंची ताकद लगेच परतत नाही, थकवाही रेंगाळतो. आणि वाड्याचा जिना होता तसाच उभा असतो.

याच कारणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आयसीएफ ही वर्गीकरणाची पद्धत स्वीकारली. आजारांची नावं आयसीडी या वेगळ्या यादीत असतात. आयसीएफ माणसाचं रोजचं जगणं नोंदवते. तुमच्याच बाबतीत पाहा. मनगट वळत नाही, हा शरीराचा भाग झाला. कुकरचं झाकण लागत नाही, ही कृती. हळदीकुंकवाला जाणं सोडलं, हा सहभाग. उंच पायऱ्या, नसलेला कठडा, मुलीची मदत, साहेबांचा समजूतदारपणा ही भोवतालची परिस्थिती. ती अडवते, तशी हातही देते. वय, स्वभाव, सवयी यांचाही विचार त्यात आहे.

यातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे क्षमता आणि प्रत्यक्ष यांतला फरक. सपाट, मोकळ्या जागेत कुणाच्या मदतीशिवाय तुम्ही १५ मिनिटं चालू शकता, ही क्षमता. लक्ष्मी रोडच्या गर्दीत पाचव्या मिनिटाला थांबावं लागतं, हे प्रत्यक्ष. क्षमताच कमी असेल तर औषध, व्यायाम, फिजिओथेरपी यांकडे बघायचं. क्षमता बरी असून प्रत्यक्षात जमत नसेल तर जिना, ओटा, खुर्ची, कामाची वेळ बदलायची. सगळ्याला ‘दुखतं’ हा एकच शब्द वापरला की हा फरक दिसत नाही आणि गोळीचा डोस तेवढा वाढतो.

तपासणीआधी १४ दिवस वही ठेवा. रोजची पाचच कामं निवडा : कणीक, केस विंचरणं, जिना, बसमध्ये चढणं, टायपिंग. प्रत्येकासमोर किती वेळ जमलं, किती वेळा थांबलात, कुणाची किंवा कशाची मदत घेतली आणि नंतर किती वेळ आडवं व्हावं लागलं, हे लिहा. शेवटचा रकाना बहुतेकजण गाळतात, आणि थकव्याचा सगळा हिशेब नेमका तिथेच असतो. उठल्याची वेळ, सांधे मोकळे झाल्याची वेळ आणि वेदनाशामक घेतल्याची वेळही टिपा. अडचणीला ० ते ४ गुण द्या : ० अजिबात नाही, ४ म्हणजे मुळीच जमत नाही.

चुका ठरलेल्या असतात. कळशी मुलीने उचलली तरी ‘जमतं’ असं लिहिलं जातं. फक्त वाईट दिवस नोंदवले जातात. दवाखान्याची वेळ अकराची. तोवर आखडलेपणा गेलेला, गोळी लागू पडलेली, म्हणून तिथे मूठ छान वळते. डॉक्टरांना एवढंच वाचून दाखवा : “१४ पैकी ९ दिवस सांधे मोकळे व्हायला दीड तास लागला. जिन्यात दोनदा थांबते, वर गेल्यावर ४० मिनिटं पडून राहावं लागतं.” आकडे अर्थात तुमचे असू द्या.

सोबत हूडास २.० ही जागतिक आरोग्य संघटनेचीच १२ प्रश्नांची प्रश्नावली भरून न्या. ती मागच्या ३० दिवसांबद्दल विचारते : अर्धा तास उभं राहणं, किलोमीटरभर चालणं, अंघोळ, घरकाम, मनावरचा ताण. पाचेक मिनिटांत होते. दर सहा महिन्यांनी भरलीत तर फरक कळेल.

प्रश्न : मग ही वही दाखवून ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल का? (बिबवेवाडी)

उत्तर : नुसत्या वहीवर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन यांची नावं त्यात आहेत. रूमॅटॉइड संधिवाताचं नाही. सांध्यांमुळे हालचालींवर मर्यादा आली असेल तर तपासणी चलनविषयक दिव्यांगत्वाखाली होते आणि टक्केवारी सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ठरते. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर करायचा.

मात्र तुम्हाला खुर्ची किती उंच हवी, हे टक्केवारीतून कळत नाही. कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी योग्य ते बदल करून द्यायचे आहेत. पहिल्या पत्रलेखिकेसारखी नोकरी असेल तर अर्जात वहीतलाच तपशील घाला : तळमजल्यावरचं टेबल, हात टेकवायची खुर्ची, सकाळी एक तास उशिरा हजेरी, आणि प्रत्येकासमोर त्यामुळे कोणतं काम जमेल ते.