मनाला आवरणारा नेमका कोण?

प्रश्न : बेळगावच्या वडगाव भागात माझे आठ यंत्रमाग आहेत. दिवाळीनंतर मी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलो आणि मन बरेच हलके झाले. मात्र ‘मी’ हा भ्रम आहे असे तिथे ऐकले आणि मनाचे मालक व्हा, असेही ऐकले. मीच नसेन, तर मालक व्हायचे कोणी? परत आल्यावर आठवडाभरातच, धागा तुटला म्हणून कामगारावर ओरडलो. तो ओरडणारा कोण होता?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : गोंधळ ‘भ्रम’ या शब्दाने घातला आहे. भ्रम म्हटले की आपण ‘काहीच नाही’ असा अर्थ घेतो; परंतु बौद्ध परंपरेला म्हणायचे आहे ते इतकेच, की जे आहे ते आपल्याला वाटते तसे नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मिनांदर, म्हणजेच पाली परंपरेतला मिलिंद, याचा भिक्खू नागसेनाशी झालेला संवाद ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात आहे. नागसेन राजालाच विचारतो, की तू रथातून आलास, तर त्याचा आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर या सर्वांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो, एवढेच उरते. तुम्ही रथाच्या जागी तुमचा माग ठेवा. बीम म्हणजे माग नव्हे, फणी नव्हे, धोटा नव्हे, मोटारही नव्हे. हे सारे सुटे करून पोत्यात भरले तरी तो माग होत नाही. तरीही जुळणी नीट असेल तर दिवसभर कापड निघते. ‘मी’ म्हणजे अशीच शरीर, वेदना (म्हणजे सुखदुःखाचा अनुभव), ओळख, संस्कार आणि जाणीव यांची चालती जुळणी असून, तिच्या आत वेगळा बसलेला मालक शोधूनही सापडत नाही, असा हा विचार आहे. १७३९ साली स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानेही आत डोकावून पाहिले आणि त्याला एकामागून एक येणाऱ्या संवेदनांपलीकडे काही सापडले नाही.

मग आवरणारा कोण? त्याचेही उत्तर तुमच्या कारखान्यात आहे. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग थांबवणारा काटा बऱ्याच यंत्रमागांवर असतो. तो बाहेरून आलेला मालक नसून मागाचाच एक भाग आहे, आणि तरीही मागाला थांबवतो. सजगता मनात अशाच रीतीने काम करते : मनच मनातील तुटलेला धागा ओळखते. हा काटा बिघडला तर वीतभर कापड वाया गेल्यावर आपल्याला कळते; तो फार संवेदनशील झाला तर माग विनाकारण थांबत राहतो, आणि शिबिराहून परतलेल्या काही उत्साही साधकांचे हेच होते, हे मी थोड्या विनोदाने, पण अनुभवाने सांगतो. काटा नीट बसवायला वेळ लागतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मन वाऱ्यासारखे आवरायला अवघड असल्याची तक्रार करतो, तेव्हा श्रीकृष्ण ती तक्रार खोटी ठरवत नाही. अभ्यास आणि वैराग्य या दोनच गोष्टी सांगतो. पतंजलीही योगसूत्रांत याच दोन शब्दांवर येतो.

इथे एक मतभेद लपवू नये. वेदान्ती म्हणतो की हे सारे पाहणारा साक्षी आत्मा आहे; बौद्ध म्हणतो की पाहणेही घडते, पाहणारा वेगळा नाही. हा वाद फार जुना आहे आणि तुमच्या रागासाठी तो मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण ‘राग म्हणजे मी’ ही ओळख चुकीची आहे, एवढे दोघांनाही मान्य आहे. आपल्या भाषांनी तर ते आधीच सांगून ठेवले आहे. मराठीत आपण ‘मला राग आला’ म्हणतो, आणि तुमच्या शेजारचा कन्नड माणूसही ‘ननगे सिट्टु बंतु’ असेच म्हणतो. दोन्हीकडे राग हा आलेला आहे. दोन्ही भाषांत उठबस करणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला हे ध्यानात घेणे अवघड जाऊ नये.

मात्र ‘मी नाहीच, मग ओरडले कोण’ ही सोयीची पळवाट घेऊ नका. ओरडणे त्या कामगाराच्या कानांवर गेले आहे. उद्या पाळी सुरू होण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोला.

प्रश्न : डोळे मिटून श्वासाकडे पाहू लागले की छातीत धडधडते आणि भीती वाटते. माझी साधना चुकते आहे का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : चुकत नाही. चिंतेचा त्रास असणाऱ्या काहींना श्वासावर लक्ष दिल्याने शरीराची प्रत्येक हालचाल मोठी भासू लागते. श्वासाचा हट्ट सोडून डोळे उघडे ठेवा आणि अंगणात अनवाणी चालताना तळव्यांना जमीन लागते तिकडे पाच मिनिटे लक्ष द्या. मन भटकले तर परत आणा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २,२५० प्रौढांच्या एका अभ्यासात जागेपणीचा सुमारे ४७ टक्के वेळ मन हातातल्या कामापासून दूर असल्याचे आढळले, तेव्हा ते भटकणे हा तुमचा दोष समजू नये. दीर्घ मौनाच्या शिबिराला सध्या जाऊ नका. चालूनही धडधड थांबली नाही, किंवा बसले नसतानाही येऊ लागली, तर आधी डॉक्टरांकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यात काही आढळले नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.